होइस्टच्या हुकापासून सुरुवात : रोजच्या मशीन तपासणीच्या साठ दिवसांच्या नोंदी

फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, दोन पाळ्या मिळून ३४ माणसं. मशीन बारा : साखळी होइस्ट (जड माल हुकाला लावून उचलायचा), फोर्कलिफ्ट, हायड्रॉलिक प्रेस, बँडसॉ (पट्ट्याची करवत), दोन पिलर ड्रिल, दोन बेंच ग्राइंडर, कंप्रेसर, तीन वेल्डिंग सेट. शिवाय हातातले ग्राइंडर, स्लिंग (माल उचलताना त्याला बांधायचे दोर आणि पट्टे) आणि शिड्या. मी मेंटेनन्स बघतो. रोज सकाळी तपासणीचे तक्ते भरून सही करायचं काम चार वर्षं माझ्या एकट्याकडे होतं. ते सगळ्यांमध्ये वाटायला घेतलं, त्याच्या या नोंदी. कुणी असंच काही करायला घेणार असेल, तर आमचे वाया गेलेले दिवस त्यांचे तरी वाचावेत.

दिवस १

दुपारी होइस्टवरून प्लेट पडली. २८० किलोची. स्टँडवर ठेवताना तिचा एक कोपरा आधी टेकला, स्लिंग क्षणभर सैल झाली आणि हुकातून निसटली. हुकाच्या तोंडाशी स्प्रिंगची जीभ असते, लॅच म्हणतात ती. ती तुटलेली होती. जवळ उभा राहणारा हेल्पर नेमका पॅकिंगची पट्टी आणायला गेला होता, म्हणून कुणाला लागलं नाही.

त्या दिवशीच्या तक्त्यात 'हुक व लॅच' समोर बरोबरची खूण आहे आणि खाली माझी सही. सकाळी मी होइस्टपाशी गेलोच नव्हतो. प्रेसचं ऑइल बदलायची घाई होती, टेबलावर बसून तक्ता भरला होता.

संध्याकाळी मागचे तीन महिन्यांचे तक्ते काढून बसलो. कुठेही एकसुद्धा फुली नाही. ज्या दोन दिवशी प्रेस दुरुस्तीसाठी उघडून ठेवला होता, त्या दिवशीही 'प्रेस – ठीक'. प्रेस मीच उघडला होता आणि खूणही मीच केली होती.

दिवस २

होइस्ट बंद. लॅचचा सेट मागवला. दिवसभर एकच प्रश्न विचारत फिरलो : लॅच तुटल्याचं कुणाला माहीत होतं?

चौघांना माहीत होतं. एका वेल्डरने दोन आठवड्यांपूर्वी पाहिलं होतं. त्याचं म्हणणं, रोज सही होते म्हणजे मेंटेनन्सला माहीत असणारच. दुसऱ्याने पाळी सुटताना सुपरवायझरना सांगितलं होतं, ते त्यांच्या डोक्यातून गेलं. तिसऱ्याने लॅचच्या जागी बाइंडिंग वायर बांधली होती, ती तुटून पडली. चौथा नवा हेल्पर. तो म्हणाला, "मला वाटलं तो हुक तसाच असतो."

या चौघांतल्या कुणाला निष्काळजी म्हणणं मला जमत नाही. नव्या हेल्परला तर चांगला हुक कसा दिसतो हे आम्ही कुणी दाखवलंच नव्हतं.

दिवस ५

मॅनेजरनी दोन महिने दिले. तीन रात्री मॅन्युअल वाचून नवा तक्ता केला. सगळ्या मशीनचा मिळून एकच, ४६ मुद्दे. ज्याचं मशीन त्याने भरायचं. मला तो फार पक्का वाटत होता.

दिवस ९

तक्ता फसला.

फोर्कलिफ्टवाल्याबरोबर घड्याळ लावून उभा राहिलो. प्रामाणिकपणे भरायला २७ मिनिटं लागली. त्यातली सहा मिनिटं कॅलिपरने फोर्कच्या, म्हणजे माल उचलणाऱ्या काट्याच्या, टाचेची (तो वळतो तिथली) जाडी मोजण्यात गेली. ते मोजमाप महत्त्वाचं आहे. टाचेशी जाडी १० टक्क्यांनी कमी झाली की फोर्कची ताकद साधारण २० टक्क्यांनी घटते आणि फोर्क काढावाच लागतो. पण लोखंड एका रात्रीत झिजत नाही. ते महिन्याचं काम मी रोजच्या तक्त्यात घातलं होतं.

बाकीच्यांनी काय केलं ते खुणा बघून कळलं. वरपासून खालपर्यंत एका ओळीत, एकाच ओघात ओढलेल्या. मी चार वर्षं अशाच ओढत होतो, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

दिवस १०

एक चूक केली, ती लिहून ठेवतो.

खरंच कोण बघतंय हे कळावं म्हणून आठ मशीनवर तपासणीच्या जागी छोटी पिवळी चिकटपट्टी लावली : 'ही दिसली तर मला आणून द्या'. कुणाला सांगितलं नाही. आठातली एक परत आली, ती बँडसॉवरून.

मधल्या सुट्टीनंतर सगळ्यांत जुने फिटर काका माझ्यापाशी आले. म्हणाले, "आम्हाला पकडायला लावल्यास का रे पट्ट्या? चार वर्षं तू न बघता सह्या केल्यास, तेव्हा आम्ही लावल्या होत्या का?"

उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना सगळ्यांसमोर माफी मागितली आणि पहिल्या दिवसाची हकिगतही तिथेच सांगितली : तक्ता टेबलावर भरला होता, सही माझी होती. आधी हे सांगायला हवं होतं, तक्ता त्यानंतर. पुढचे पाच दिवस माझ्याशी सगळे फक्त कामापुरतं बोलले. ते पाच दिवस मी कमावलेलेच होते.

दिवस १२ ते १५

तक्ता छाटला, पण या वेळी एकट्याने नाही. प्रत्येक मशीनपाशी ते चालवणाऱ्यालाच विचारलं : "यातलं काय बिघडलं तर आज, याच पाळीत, कुणाला तरी लागेल? आणि ते पाना न उचलता बघता, ऐकता किंवा हलवून पाहता येईल का?" दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तेवढंच ठेवलं. बाकीचं आठवड्याच्या किंवा महिन्याच्या यादीत गेलं आणि ती यादी माझ्याकडे राहिली. कुठल्याही मशीनला सातपेक्षा जास्त मुद्दे उरले नाहीत.

बेंच ग्राइंडरचं सविस्तर लिहितो, कारण तिथे आम्ही दोनदा चुकलो.

मुद्दे पाच. चाकाला तडा किंवा खाच आहे का. गार्ड घट्ट आहे का. टूल रेस्ट (घासायचा तुकडा टेकवायचा आधार) आणि चाक यांतली फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. वरच्या जिभेची, म्हणजे गार्डच्या तोंडाशी असलेल्या सरकत्या पट्टीची, चाकापासूनची फट ६ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. शेवटी मशीन सुरू करून बाजूला उभं राहायचं आणि मिनिटभर रिकामं चालू द्यायचं. चाक जसजसं झिजतं तसतशी फट वाढते आणि घासायचा तुकडा त्या फटीत ओढला जातो. मग चाक फुटतं किंवा हात आत जातो. आमच्या एका ग्राइंडरची टूल रेस्टची फट ९ मिलिमीटर निघाली. माझ्या तक्त्यात ती चार वर्षं 'ठीक' होती.

फट डोळ्यांनी जोखायला सांगितली तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. म्हणून भंगारातल्या ३ मिलिमीटर पत्र्याची पट्टी कापली, ६ मिलिमीटरची दुसरी. पट्टी फटीत शिरली की फट मोठी, ग्राइंडर बंद ठेवायचा आणि मला सांगायचं. पहिली चूक : दोन्ही जाडींचं एकच माप केलं, एका टोकाला ३ आणि दुसऱ्याला ६. लोकांनी उलट टोक घातलं. आता दोन वेगळ्या पट्ट्या आहेत, लाल टूल रेस्टची आणि निळी जिभेची.

दुसरी चूक जिवावरची होती. एकाने ग्राइंडर चालू असताना पट्टी फटीजवळ नेली. मी ओरडलो म्हणून थांबला. तक्त्यात मुद्दे जसे सुचले तसे लिहिले होते आणि 'चालवून बघा' हा मुद्दा पट्टीच्या आधी होता. त्या बिचाऱ्याने मी लिहिलेल्या क्रमानेच काम केलं होतं. त्याच संध्याकाळी बाराही मशीनच्या तक्त्यांचे दोन भाग केले : वर 'बंद मशीनवर', खाली 'चालू मशीनवर'. मधे जाड रेघ. रेघेच्या वरचं सगळं मेन स्विच टाकण्याआधी उरकायचं.

स्लिंगचं थोडक्यात. वायर रोपच्या, म्हणजे तारेच्या दोराच्या, स्लिंगसाठी अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांतला आकडा घेतला. दोराचा एक पेड पूर्ण वळसा घेतो तेवढ्या लांबीत तुटलेल्या तारा एकूण १०, किंवा एकाच पेडात ५ दिसल्या, तर स्लिंग बाद. बोट फिरवून बघायचं नाही, हातमोजा घालून जुनं फडकं ओढायचं. तुटलेली तार असेल तिथे ते अडकतं. पट्ट्याच्या स्लिंगवर वजनाचं लेबल नसेल तर ती बाद. अशा तीन निघाल्या. मी त्या भंगारात टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यातली एक पुन्हा होइस्टवर दिसली. कुणीतरी चांगली आहे समजून उचलली होती. आता बाद स्लिंग आधी मधोमध कापायची, मग टाकायची.

दिवस १६ ते २०

'आजपासून तपासणी सगळ्यांची' असं जाहीर केलं. चार दिवसांनी बघितलं तर बँडसॉ, ड्रिल, वेल्डिंग सेट रोज तपासलेले होते आणि कंप्रेसरला एकदाही कुणी हात लावलेला नव्हता. टाकीतलं पाणी सोडलेलं नाही, सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढलेली नाही. ज्या मशीनला स्वतःचा माणूस आहे तिथे अडचण नसतेच. होइस्ट, फोर्कलिफ्ट, कंप्रेसर, शिड्या ही सगळ्यांची असतात, आणि तिथे प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने बघितलं असेल.

रात्री हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज या बोटीच्या चौकशीबद्दल वाचलं. ६ मार्च १९८७, बेल्जियममधलं झीब्रुग बंदर. गाड्या आत घ्यायचे पुढचे दरवाजे उघडे ठेवून बोट निघाली, काही मिनिटांत उलटली आणि १९३ माणसं गेली. दरवाजे बंद करायचं काम ज्याचं होतं तो खोलीत झोपलेला होता. त्याच्या वरच्या माणसाला दरवाजे उघडे दिसले होते, पण ते बंद करणं आपलं काम आहे असं त्याला वाटलं नाही. कप्तानाला वरून दरवाजे दिसत नव्हते आणि तसा दिवाही नव्हता. रीत अशी होती की कुणी वाईट कळवलं नाही म्हणजे सगळं ठीक. आमच्या लॅचची चार माणसं मला तिथे जशीच्या तशी दिसली. झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दोन बदल केले. सगळ्यांच्या मशीनना पाळीगणिक एक नाव आणि तो नसेल तर दुसरं नाव, आठवड्याने बदलणारं. आणि 'काही नाही म्हणजे ठीक' बंद. होइस्टपाशी फळी टांगली : एका बाजूला 'आज तपासलं' आणि नाव, दुसऱ्या बाजूला लाल रंगात 'आज तपासलेलं नाही'. पाळी सुटताना फळी लाल बाजूला फिरवायची. सकाळी ती लाल असेल तर होइस्टला हात लावायचा नाही, मग मॅनेजर का उभे असेनात.

दिवस २१

पाळी बदलताना दोघांनी मशीनपाशी उभं राहून ताबा द्यायचा, टेबलापाशी नाही. जाणारा सांगेल, येणारा बघेल. पुढच्या पाळीत हात ज्याचा आत जाणार आहे, त्याची नजर वेगळी पडते.

मॅनेजरनी वेळेचा हिशेब मागितला. माणशी सात मिनिटं, ३४ माणसं, म्हणजे रोजचे जवळपास चार तास. त्यांना तो आकडा मोठा वाटला. प्लेट पडली त्या दिवशी पाळीतले १८ जण पाच तास बसून होते, म्हणजे ९० तास. ते पुढे ठेवल्यावर त्यांनी महिनाभरासाठी होकार दिला.

दिवस २३

लाल टॅग सुरू केला. 'बंद. वापरू नका.' खाली कारण, नाव, वेळ. कुणीही लावू शकतं. मोजून चार तासांत पहिला टॅग लागला आणि त्याच तासात आमची सगळ्यात मोठी फजिती झाली.

फोर्कलिफ्टचा हॉर्न वाजत नव्हता. त्या दिवशी तिच्यावर नाव होतं सगळ्यात लहान हेल्परचं, चालक शेजारीच होता. पोराने टॅग लिहून स्टिअरिंगला बांधला. बाहेर ट्रक भरायचा थांबलेला. दुसऱ्या पाळीचे सुपरवायझर आले, टॅग वाचला, काढून खिशात घातला. "हॉर्नसाठी काय गाडी थांबवतोस? तोंडाने ओरड की." ट्रक भरून गेला.

पोरगं काही बोललं नाही. पुढचे सहा दिवस त्याच्या तक्त्यात प्रत्येक मुद्द्यासमोर बरोबरची खूण. तिसऱ्या दिवशी आख्ख्या दुसऱ्या पाळीत कुणाच्याच तक्त्यात काही नव्हतं. पहिल्या पाळीत त्याच दिवसांत सात तक्रारी आल्या होत्या. दुसऱ्या पाळीची मशीन काही वेगळी नाहीत.

दिवस २९

सुपरवायझरना एकटं गाठलं. मी रागाने गेलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "ट्रक चुकला असता तर जाब कुणाला विचारला असता? तुला की मला?" हे मी धरलंच नव्हतं. टॅग लावायचा अधिकार सगळ्यांना दिला, आणि टॅग मानल्याची किंमत एकट्या सुपरवायझरच्या माथी ठेवली.

दोघं मिळून मॅनेजरकडे गेलो. टॅगमुळे माल उशिरा गेला तर तो सुपरवायझरच्या खात्यावर धरायचा नाही, हे त्यांच्याकडून लिहून घेतलं. सोबत आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या करार क्रमांक १५५ मधलं कलम १३ नेलं होतं : जिवाला किंवा आरोग्याला गंभीर आणि तातडीचा धोका आहे असं वाजवी कारणाने वाटून कामापासून बाजूला झालेल्या माणसाला त्याचा अन्याय्य त्रास होऊ द्यायचा नाही. हॉर्नचं प्रकरण तेवढं गंभीर ठरेल का, यावर थोडा वाद झाला. त्या गल्लीत दोन आंधळे कोपरे आहेत आणि तिथून माणसं चालत जातात, यावर तो मिटला.

टॅग काढायचा नियमही तेव्हाच ठरला. ज्याने दुरुस्त केलं तोच काढेल, आणि ज्याने लावला त्याला मशीन चालवून दाखवून मगच. तो पाळीत नसेल तर त्या दिवशी त्या मशीनवर ज्याचं नाव असेल त्याला.

दिवस ३०

पाळीच्या सुरुवातीला सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाले, "त्या दिवशी टॅग मी काढायला नको होता. पोराचं बरोबर होतं." मी त्यांना असं बोला म्हणून सांगितलं नव्हतं. त्याच दिवशी दुसऱ्या पाळीतून चार तक्रारी आल्या. एक त्या हेल्परची होती : फोर्कलिफ्टच्या सीट बेल्टचं कुलूप पकडत नाही. महिनाभर पकडत नव्हतं.

दिवस ३१ ते ३५

आता पाळी माझ्यावर आली. एकूण १९ तक्रारी, पैकी ११ उघड्या, सगळ्या मेंटेनन्सकडे. काही दोन आठवड्यांच्या. बँडसॉवरच्या ताईंनी विचारलं, "मी रोज तेच लिहू का?" कूलंटच्या (ब्लेड थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) नळीची क्लिप. त्यांनी ती नऊ दिवस लिहिली होती. खाली पाणी सांडायचं आणि त्या पाण्यातच त्यांना उभं राहावं लागायचं.

मोठी कामं पुढे ढकलून एक दिवस फक्त त्या ११ कडे दिला. आठ कामं प्रत्येकी अर्ध्या तासाच्या आतली निघाली : नट, क्लिप, स्प्रिंग, ढिला गार्ड. मी ती छोटी म्हणून मागे ठेवत होतो. लिहिणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर नऊ दिवस कुणी वाचलेलंच नाही. तो दहाव्या दिवशी का लिहील?

दाराशी फळा लावला. तक्रार, कुणाची, कधीची, उत्तर. उत्तराच्या रकान्यात तीनच गोष्टी चालतात : 'झालं', 'अमुक दिवशी', किंवा 'होणार नाही, कारण अमुक'. चोवीस तासांत काहीतरी लिहायचंच. 'होणार नाही' लिहिताना पहिल्यांदा हात अडखळला (जुन्या ड्रिलला पायाने थांबवायचा ब्रेक हवा होता, त्या मॉडेलला तो बसत नाही). पण कारण वाचल्यावर कुणी नाराज झालं नाही. त्याऐवजी चालवणाऱ्याच्या बाजूला जास्तीचं लाल बटण बसवलं. ही सूचना ड्रिलवाल्याचीच.

रोज सकाळची पहिली ४० मिनिटं फळ्यावरच्या कामांना बांधून ठेवली. त्यापायी प्रेसची ठरलेली देखभाल तीन दिवस लांबली. ते नुकसान खरं आहे, मॅनेजरना तसंच सांगितलं.

दिवस ३८

आजच्या एका नोंदीपुरते आधीचे सगळे दिवस वसूल झाले असं मला वाटतं.

तक्त्यात 'इमर्जन्सी स्टॉप' हा मुद्दा सगळीकडे होता, पण लोक बटण बघत होते. आहे, लाल आहे, फुटलेलं नाही, झालं. या आठवड्यापासून मशीन रिकामं चालवून बटण दाबायचं ठरलं. दोन बटणं असतील तर एक दिवस हे, दुसऱ्या दिवशी ते.

सकाळी ताईंनी बँडसॉ रिकामा चालवला आणि बटण दाबलं. बटण आत गेलं, अडकलं, जसं अडकायला हवं तसं. ब्लेड चालूच. त्यांनी मेन स्विचने बंद केलं, टॅग लावला, मला बोलावलं.

पॅनल उघडलं. बटणाच्या मागे जो कॉन्टॅक्ट ब्लॉक चिकटलेला असतो, तो सुटून वायरांवर लोंबकळत होता. बटण दाबलं तरी दांडा हवेतच पुढे जात होता. कॉन्टॅक्ट उघडतच नव्हता, त्यामुळे सर्किट तुटत नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला कुणालाही हे कळलं नसतं. कधीपासून सुटला होता, सांगता येत नाही.

लगेच सगळी मशीन थांबवून १४ बटणं तपासली. आणखी दोन ब्लॉक ढिले निघाले, एक प्रेसचा. ते जागेवर बसवले. बँडसॉला नवा ब्लॉक मागवला, या वेळी असा की तो बटणापासून सुटला तर स्वतःच सर्किट तोडतो आणि मशीन थांबतं. यायला दोन दिवस लागले. दोन दिवस बँडसॉ बंद आणि कुणी एका शब्दाने बोललं नाही. बाकीची बटणंही हळूहळू त्याच प्रकारची करायची, फळ्यावर लिहून ठेवलंय.

ताईंचा हात रोज त्या ब्लेडपासून वीतभर अंतरावर असतो.

दिवस ४५

एक आख्खा आठवडा एकही तक्रार नाही. मॅनेजरनी कौतुक केलं, फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'शून्य दोष' लिहिलं. मला ते बरं वाटेना. फिटर काकांना विचारलं. म्हणाले, शून्य मोडणारा मी कशाला होऊ असं पोरांना वाटतंय. पुसून टाकलं. त्या दुपारी तीन तक्रारी.

दिवस ५२

संध्याकाळी प्रेसखाली झाडणारे मामा फडक्याने तेल पुसताना दिसले. सहज विचारलं, केव्हापासून पुसताय? "दोन आठवडे झाले की. रोजच असतं."

आमची यादी, नावं, फळी, टॅग सगळं झालं आणि यांना कुणी विचारलंच नव्हतं. मशीन चालवत नाहीत म्हणून ते यादीतच नव्हते. सकाळी प्रेसचा ऑपरेटर येईपर्यंत जमीन कोरडी, म्हणून त्याच्या तक्त्यात 'गळती नाही'. तो खरंच बघत होता आणि खरं तेच लिहीत होता.

प्रेस थांबवला. दाब चढलेला असताना नळीवर हात फिरवून गळती शोधायची नाही, हे मामांना आणि ऑपरेटरला तिथेच सांगितलं. बारीक भोकातून सुटलेली तेलाची धार कातडीतून आत घुसते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत बोट सडतं. अशी इजा झाली तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना. गळती हाताने न शोधता पुठ्ठा धरून शोधायची. पुठ्ठ्यावर ओली रेघ उमटली. नळी फ्रेमच्या कडेला घासून घासून आतली तारांची जाळी उघडी पडली होती.

दाब पूर्ण उतरवून, पॅनलला कुलूप लावून नळी बदलली. नवी फ्रेमपासून दोन बोटं लांब बांधली आणि वर रबरी बाही चढवली. साडेतीन तास गेले.

आता मामांचं नाव यादीत आहे. त्यांच्या तक्त्यात तीनच ओळी : जमिनीवर तेल, जमिनीवर पाणी, जमिनीवर पडलेला नट-बोल्ट. शेवटची त्यांनी सुचवली. नट पडलेला सापडला की तो कशाचा ते शोधल्याशिवाय डब्यात टाकायचा नाही.

दिवस ५७

तक्त्यावर शब्दांऐवजी फोटो लावले. चांगला हुक आणि शेजारी पहिल्या दिवशीचा तो हुक. फोटो ज्याचं मशीन त्यानेच काढले. पहिली कार्डं मी माझ्या उंचीला टांगली होती, अर्ध्या लोकांना मान वर करावी लागत होती. खाली घेतली.

दिवस ६०

मुदत संपली. मॅनेजरनी सात मिनिटं कायम केली.

उघडं राहिलेलं लिहून ठेवतो. बाहेरून चार दिवसांसाठी येणारी माणसं अजून यादीबाहेर आहेत. त्यांच्या शिड्या तेच आणतात आणि त्या कोण तपासतं हे ठरलेलं नाही. रविवारी एकटा माणूस काम करतो तेव्हा ताबा घ्यायला दुसरं कुणी नसतं. आठ बटणांचे ब्लॉक बदलायचे बाकी.

सकाळी होइस्टपाशी गेलो तेव्हा फळी लाल होती. पाळी सुरू होऊन पाच मिनिटं झाली होती, खाली प्लेट तयार, दोघं हात बांधून उभे. नाव त्या नव्या हेल्परचं, ज्याला हुक तसाच असतो असं वाटलं होतं. तो धावत आला. लॅच अंगठ्याने दाबून सोडली, पुन्हा दाबून सोडली, मागे सरकून साखळी वरपर्यंत बघितली, ब्रेक रिकामा चालवून पाहिला. मग फळी फिरवली.